उठावाची अक्षरे आणि त्यांचा शेजार

सपाट पृष्ठभागावर अक्षर उठून दिसावे, त्यास जाडी असावी, त्याची सावली मागे पडावी, ही हौस जुनी आहे. शिलालेखातील अक्षरास खोली निसर्गतःच लाभते. कागदावर ती डोळ्यास चकवूनच आणावी लागते. लंडनचा मुद्राक्षरकार व्हिन्सेंट फिगिन्स याच्या १८१५ च्या नमुनापुस्तकात छायांकित मोठी अक्षरे दिसतात, आणि त्यानंतरच्या जाहिरातपत्रकांनी या प्रकाराचा भरपूर उपयोग केला. आपल्याकडे दुकानांच्या पाट्या रंगविणाऱ्या पेंटरांनीही ही विद्या उत्तम आत्मसात केली होती. परंतु या सर्वांपाशी एक गोष्ट होती, ती म्हणजे मोकळी रेषा. पेंटरच्या कुंचल्यास कोणत्याही कोनात वळता येते. प्रस्तुत लेखात ज्या उठावाच्या अक्षरांचा विचार करावयाचा आहे, त्यांच्या कर्त्यास ही मोकळीक मुळीच नाही. तो अक्षरे काढतो ती दुसऱ्या वर्णचिन्हांनी, आणि ही चिन्हे ठरावीक मापाच्या घरांतच बसवावी लागतात.

आज युनिकोड या सार्वत्रिक संकेतावलीतील ठोकळे, दुहेरी रेषा आणि कोपरे जुळवून जुन्या संगणकाच्या पडद्याची आठवण करून देणारी त्रिमिती अक्षरे बनविण्याचा प्रघात बराच रूढ झाला आहे. संगणक-कार्यक्रम सुरू होताना त्याचे नाव अशा अक्षरांत झळकते. आज्ञावलीच्या प्रारंभीच्या टिपेतही ती दिसतात. हा केवळ पोरखेळ म्हणून सोडून देणे सोपे आहे. तथापि लिपीच्या अभ्यासकास त्यात एक मूलभूत प्रश्न दडलेला दिसेल. वर्णचिन्हाची ओळख त्याच्या संकेतांकात असते, की त्याच्या शेजारात? प्रस्तुत लेखकाचे मत असे की, या अक्षरांना खोली येते ती सर्वस्वी शेजारामुळे. आणि युनिकोडने वर्णचिन्ह जतन केले असले, तरी त्याचा शेजार जतन केलेला नाही.

प्रथम हा शेजार कोठून आला ते पाहू. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या एकरंगी पडद्यावर ८० स्तंभ व २५ ओळी होत्या, आणि प्रत्येक घर ९ ठिपके रुंद व १४ ठिपके उंच होते. या यंत्राच्या वर्णसंचास पुढे 'कोड पेज ४३७' हे नाव पडले. त्यातील १७६ ते २२३ या क्रमांकांवर अक्षरे नव्हती. तेथे ░ ▒ ▓ या तीन छटा, एकेरी व दुहेरी रेषांचे तुकडे आणि कोपरे, व शेवटी पूर्ण आणि अर्धे ठोकळे होते. हिशेबाचे तक्ते व चौकटी आखता याव्यात, हा त्यांचा रोकडा हेतू. कलेचा विचार तेथे फारसा असेल असे वाटत नाही.

यातील एक बारकावा मुद्दाम सांगण्याजोगा आहे. घर ९ ठिपके रुंद असले, तरी चिन्हाचा आराखडा ८ ठिपक्यांचाच साठविलेला असे. नववा स्तंभ दोन अक्षरांतील अंतरासाठी रिकामा राही. अक्षरांना हे सोयीचे होते, पण आडव्या रेषेस नव्हते, कारण प्रत्येक घरापाशी ती तुटली असती. म्हणून यंत्राच्या रचनेतच अशी योजना केली होती की, १९२ ते २२३ या क्रमांकांच्या चिन्हांपुरता आठवा स्तंभ नवव्यात उतरवावा. आता चिन्हांचा क्रम पाहिला म्हणजे मौज वाटते. ज्यांना उजवीकडे जोडले जाणे आवश्यक आहे ती चिन्हे, ╚ (२००), ╔ (२०१), ═ (२०५), याच टप्प्यात ठेवली आहेत. ज्यांचा उजवीकडे संबंध नाही ती, ║ (१८६), ╗ (१८७), ╝ (१८८), बाहेर आहेत. तीन छटा मात्र टप्प्याबाहेर राहिल्या, आणि नऊ ठिपक्यांच्या घरात त्यांच्यामध्ये बारीक उभी फट दिसे. सारांश, शेजाऱ्याशी जोडले जाणे हा या चिन्हांचा गुण यंत्रातच घडविलेला होता. चिन्हाचा आकार आणि जोडणीची व्यवस्था मिळून ते चिन्ह पुरे होत असे.

याच सामग्रीतून दूरध्वनीच्या तारेवर चालणाऱ्या सूचनाफलकांची, म्हणजे बुलेटिन बोर्डांची, चित्रकला निर्माण झाली. १९८६ च्या सुमारास आलेला 'द-ड्रॉ' हा चित्र काढण्याचा कार्यक्रम, आणि १९९० मध्ये अमेरिकेत स्थापन झालेला 'अॅसिड' हा चित्रकारांचा गट, ही तिची ठळक नावे. दुसऱ्या बाजूस, केवळ साध्या टंकलेखनाच्या चिन्हांतून मोठी अक्षरे बनविणारा 'फिगलेट' हा कार्यक्रम ग्लेन चॅपेल व इयन चाय यांनी १९९१ मध्ये रचला. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

आता प्रत्यक्ष एका नमुन्याकडे वळू. या प्रकारातील सर्वांत परिचित असा टंक 'अॅन्सी शॅडो' या नावाने ओळखला जातो. त्यात रोमन वर्णमालेतील पहिले मोठे अक्षर सहा ओळींत उभे राहते. त्याची दुसरी ओळ अशी असते : ██╔══██╗. दोन घरांचा जाड दांडा, मग पोकळीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात ╔, त्यापुढे आडवी दुहेरी रेषा, पुन्हा दांडा, आणि अखेरीस ╗. शेवटची ओळ ╚═╝ अशा दोन तुकड्यांची असते. तीत ठोकळा एकही नाही. प्रकाश डावीकडून वरून येतो, आणि अक्षराच्या उजव्या व खालच्या बाजूस दुहेरी रेषेची किनार पडते. पोकळीतील ╔ हे चिन्ह विशेष सूक्ष्मपणे योजिलेले आहे. वरच्या पट्टीखालची किनार आणि डाव्या दांड्याच्या उजवीकडची किनार जेथे मिळतात, नेमके तेथेच ते येते.

टंकाच्या नावात 'छाया' आहे, पण ही छाया आहे काय? चित्रकलेच्या परिभाषेत वस्तूपासून सुटून दुसऱ्या पृष्ठभागावर पडते ती पडछाया. ती वस्तूपासून काही अंतरावर असते आणि तिला स्वतःची कड नसते. येथील किनार अक्षरास चिकटलेली आहे. ╗ या चिन्हाचा डावा हात ठोकळ्यास भिडतो. ╚ याचा वरचा हात वरील ठोकळ्याच्या पायास लागतो. म्हणजे जे दिसते ती अक्षराची जाडी आहे, त्याची बाजूची भिंत आहे. नाव चुकले म्हणून काम चुकले असे अर्थातच नाही. परंतु ही भिंत आहे हे एकदा ओळखले म्हणजे या टंकाचे खरे वैशिष्ट्य कळते. त्यात एकही तिरपी रेषा नाही. भूमितीच्या नियमाप्रमाणे ठोकळ्याची जाडी दाखवावयाची तर दर्शनी कोपऱ्यापासून मागील कोपऱ्याकडे तिरकी कड जावयास हवी. येथे सर्व काटकोनात आहे, आणि तरीही डोळ्यास खोली दिसते. याचे कारण दुहेरी रेषेत आहे. भरीव ठोकळ्याशेजारी तिच्या दोन बारीक रेषा आणि मधील रिकामी पट्टी आली की डोळा तीस 'त्याच वस्तूचा, पण कमी उजेडाचा भाग' असे समजतो. रेषेने येथे छटेचे काम केले आहे. इतक्या तोकड्या साधनांतून इतका निश्चित परिणाम साधणे, ही लहान गोष्ट नव्हे.

याच्या तुलनेत फिगलेटच्या परंपरेतील 'लॅरी थ्री-डी' हा टंक घ्यावा. त्यात तिरप्या रेघा, अधोरेखा व उभ्या रेघा यांनी अक्षराची दर्शनी बाजू आणि बाजूची भिंत दोन्ही काढलेल्या आहेत. तिरकी कड येथे आहे, आणि भूमितीच्या दृष्टीने तो अधिक प्रामाणिक म्हणता येईल. पण घराची रुंदी उंचीच्या साधारण निम्मी असल्यामुळे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाणारी तिरपी रेघ आडव्याशी सुमारे ६३ अंशांचा कोन करते. समान मापाच्या त्रिमिती आलेखनास ३० अंशांचा कोन लागतो. तो या घरातून निघणे शक्य नाही. म्हणून अशी अक्षरे नेहमी काहीशी ताठ, उंच मानेची दिसतात. शिवाय दर्शनी बाजू रिकामी आणि रेघा सर्वत्र सारख्याच जाडीच्या, यामुळे कोणती कड पुढची आणि कोणती मागची हे वाचकास क्षणभर शोधावे लागते. तो शोध संपेपर्यंत शब्द वाचावयाचा राहून जातो! 'अॅन्सी शॅडो'त भूमिती कमी, पण वाचनसुलभता अधिक आहे. अक्षरकलेत हा व्यवहार फायद्याचाच मानला पाहिजे.

खरी पडछाया या घरांच्या जगात कधी अवतरलीच नाही असे मात्र नाही. १९९० मध्ये बोर्लंड कंपनीच्या टर्बो पास्कलबरोबर 'टर्बो व्हिजन' ही पडद्यावरील चौकटी रचण्याची सामग्री आली. तीतील प्रत्येक चौकटीची सावली उजवीकडे दोन स्तंभ आणि खाली एक ओळ इतकी पडे. घर रुंदीच्या दुप्पट उंच असल्याने दोन स्तंभ आणि एक ओळ डोळ्यास सारखीच भरतात. आणि सावली पाडण्यासाठी तेथे कोणतेही नवे चिन्ह काढलेले नसे. खाली जो मजकूर असेल तो तसाच ठेवून त्या घरांचा रंग तेवढा काळ्यावर गडद करडा केला जाई. सावलीत सापडलेला मजकूर अंधूकपणे वाचताही येई. सावलीची इतकी यथार्थ कल्पना या साऱ्या परंपरेत दुसरी आढळत नाही. तिचे मर्म असे की, ती चिन्हात नाही. घराच्या गुणधर्मात, त्याच्या रंगात आहे. बुलेटिन बोर्डावरील चित्रकारांनाही हे ठाऊक होते. अर्ध्या ठोकळ्याचा, ▀ किंवा ▄ याचा, दर्शनी रंग एक आणि पार्श्वरंग दुसरा योजला की एका घरात दोन रंगांचे दोन चौकोन मिळत. १६ दर्शनी रंग व ८ पार्श्वरंग एवढ्या भांडवलावर त्यांनी जी झळाळती, धातूसारखी अक्षरे काढली, ती पाहिली म्हणजे आजची एकरंगी अनुकृती किती फिकी आहे हे कळते.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तीत या रेषा व ठोकळे यांना आपापले संकेतांक मिळाले. जुन्या संकेतावलीतील मजकूर नव्या संकेतावलीत नेऊन पुन्हा जसाच्या तसा परत आणता यावा, हा त्यामागील हेतू होता, आणि तो सफलही झाला. आज रेषांच्या खंडात १२८ व ठोकळ्यांच्या खंडात ३२ चिन्हे आहेत. ╗ हे चिन्ह आता कोणत्याही यंत्रावर ╗ म्हणूनच ओळखले जाते. पण ते शेजारच्या ═ यास भिडेल काय? याविषयी युनिकोड कोणतीही हमी देत नाही, आणि न्यायाने पाहता ते त्याचे कामही नव्हे. भिडणे हे टंकावर, ओळींतील अंतरावर आणि दाखविणाऱ्या कार्यक्रमावर अवलंबून राहते. टंकाची अक्षरे समरुंद नसली की उभे दांडे एकमेकांखाली येत नाहीत. ओळींत वाचनाच्या सोयीसाठी अंतर सोडले की प्रत्येक ओळीगणिक अक्षराला आडवी चीर पडते. टंकात एखादे चिन्ह नसले तर ते दुसऱ्या टंकातून उसने आणले जाते. त्याची रुंदी निराळी असते आणि भिंत ढासळते. पूर्व आशियाई लिप्यांच्या संदर्भात तर याहून विचित्र प्रकार आहे. वर्णांच्या रुंदीसंबंधीच्या युनिकोडच्या अकराव्या परिशिष्टात यांतील बहुतेक चिन्हांची रुंदी 'संदिग्ध' म्हणून नोंदलेली आहे. म्हणजे जपानी वातावरणात तीच चिन्हे दोन घरे व्यापू शकतात. भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर ओळ मध्येच मोडली तर काय उरते, ते वाचकांनी पाहिलेच असेल.

येथे असा आक्षेप येईल की, ही तक्रार युनिकोडविषयी नसून निष्काळजी वापराविषयी आहे. समरुंद टंक आणि शून्य अंतर ठेवले की सर्व ठीक होते. हे खरे आहे. पण मग ही अक्षरे 'युनिकोडची' आहेत असे म्हणण्यात अर्थ काय? ती त्या जाळीची आहेत. संकेतांकांची माळ हा तिचा केवळ सांगाडा होय. जुन्या चित्रकारांना याची जाणीव आजच्या हौशी मंडळींपेक्षा अधिक होती, असे दिसते. १९९४ मध्ये 'अॅसिड' गटाच्या वर्तुळातून 'सॉस' या नावाची एक नोंदपद्धती निघाली. तीत चित्राच्या धारिकेअखेर १२८ बाइटांची नोंद जोडून कर्ता, शीर्षक व रुंदी ही माहिती ठेवण्याची सोय होती. पुढील सुधारणेत घर ८ ठिपक्यांचे की ९ ठिपक्यांचे, आणि पडद्याचे प्रमाण कोणते, हेही सांगण्याची तरतूद झाली. नववा ठिपका नोंदीत येणे ही संपादनशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची घटना आहे. हस्तलिखिताचे संपादन करताना आपण ओळींची संख्या व पत्राचे माप टिपतो, त्यातलाच हा प्रकार. अशा चित्रांचे संग्रह जतन करणाऱ्याने केवळ संकेतांक जतन केले, तर त्याच्यापाशी पोथीची नक्कल राहील, पोथी राहणार नाही.

युनिकोडने या दिशेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००२ च्या आवृत्तीत चतुर्थांश ठोकळे आले. २०२० च्या तेराव्या आवृत्तीत जुन्या संगणकांच्या चिन्हांसाठी २१२ चिन्हांचा स्वतंत्र खंड झाला; त्यात एका घराचे दोन स्तंभ व तीन ओळी असे सहा भाग करणारे ६० ठोकळे आहेत, शिवाय तिरप्या कडांचे तुकडेही आहेत. २०२४ च्या सोळाव्या आवृत्तीने आठ भागांचे ठोकळे आणले. सामग्री वाढली, तिरपी भिंतही आता साधेल. पण प्रस्तुत लेखकास असे वाटते की, घर जितके बारीक चिरावे तितके हे काम ठिपक्यांच्या चित्राजवळ जाते आणि त्याची गंमत कमी होते. 'अॅन्सी शॅडो'चा गुण घर न चिरण्यात आहे.

याच नावाखाली चालणारा दुसरा एक प्रकार आहे, त्याविषयी मात्र सौम्य राहता येत नाही. गणितातील राशी वेगळ्या दिसाव्यात म्हणून २००१ च्या आवृत्तीत जाड, तिरपी, दुहेरी दांड्यांची अशी रोमन अक्षरे स्वतंत्र संकेतांक देऊन घेतली गेली. ती उचलून साध्या शब्दांच्या जागी घालावयाची आणि 'जुन्या धाटणीचा उठाव' साधला म्हणावयाचे, असा एक सोपा मार्ग निघाला आहे. पूर्ण रुंदीची अक्षरे याच कामी लावली जातात. येथे काही बांधलेले नसते. केवळ वेषांतर असते. दृष्टिहीन वाचक ज्या स्क्रीन रीडरने मजकूर ऐकतो, तो अशा ठिकाणी अनेकदा शब्द न वाचता प्रत्येक चिन्हाचे लांबलचक गणिती नाव उच्चारतो, किंवा सरळ गाळतो. साध्या शोधास तो शब्द कित्येकदा सापडत नाही. कोणी म्हणेल, ठोकळ्यांची अक्षरे तरी स्क्रीन रीडरला कोठे कळतात? 'पूर्ण ठोकळा, पूर्ण ठोकळा' असेच तोही ऐकणार. हे मान्य आहे. फरक असा की, ठोकळ्यांचे अक्षर आपण चित्र आहोत हे उघडपणे सांगते. त्याच्याखाली साध्या अक्षरांत नाव लिहिता येते आणि चित्र वगळले तरी मजकूर शाबूत राहतो. वेषांतरित अक्षर मजकुराच्याच जागी बसते आणि मजकूर नाहीसा करते. देवनागरीसाठी अशी गणिती अक्षरे युनिकोडात नाहीत. हा अभाव कोणास खटकत असेल. मला तो सुदैवाचा वाटतो.

देवनागरीचा उल्लेख आलाच आहे, तर तिचा आणि या रेषांचा एक विलक्षण संबंध सांगितला पाहिजे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाली. तीत भारतीय वर्ण १६१ पासून पुढे मांडलेले आहेत. म्हणजे कोड पेज ४३७ मध्ये रेषा व ठोकळे जेथे राहतात, नेमक्या त्याच वस्तीत आपले वर्ण आले. १७९ हा क्रमांक तेथे उभी रेघ आहे, येथे 'क' आहे. ज्या सहा चिन्हांनी 'अॅन्सी शॅडो'ची भिंत बांधली जाते, ╔ ╗ ╚ ╝ ═ ║, त्यांचे क्रमांक इस्कीत अनुक्रमे फ, झ, प, ञ, य, ज यांचे आहेत; आणि पूर्ण ठोकळा तो ऱ्हस्व वेलांटी. 'मराठी' हा शब्द इस्कीत लिहून साध्या यंत्रावर उघडला, तर पडद्यावर ╠╧┌╛▄ असे उमटेल. चौकटी आखाव्यात की भाषा लिहावी, असा प्रश्न त्या क्रमांकांपुरता अक्षरशः उभा होता. युनिकोडने दोघांना निरनिराळी जागा दिली. हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

मग आता देवनागरी अक्षरे या भिंतींनी बांधता येतील काय? चौकटीच्या कागदावर काही शब्द मांडून पाहिले असता अडचणी लगेच दिसू लागतात. पहिली अडचण उंचीची. रोमन मोठ्या अक्षरास सहा ओळी पुरतात, म्हणून २५ ओळींच्या पडद्यावर चार ओळींचा मजकूर बसतो. देवनागरीस शिरोरेखेच्या वर वेलांटी व मात्रा आणि खाली उकार यांसाठी निदान दोन दोन ओळी लागतील. अशी दहा ओळींची पंक्ती धरली तर पडद्यावर दोनच पंक्ती मावतात. ही अडचण केवळ जागेची आहे. दुसरी अधिक खोल आहे. प्रकाश वरून पडत असल्याने शिरोरेखेची भिंत तिच्याखाली, म्हणजे अक्षराच्या अंगावरच पडते. रोमन अक्षरांत वरची पट्टी काही थोड्या अक्षरांना असते. देवनागरीत ती बहुतेक सर्वांना आहे आणि सलग आहे. परिणामी 'मन' सारख्या शब्दात दांड्यांमधील प्रत्येक जागी शिरोरेखेखाली ══ येते, आणि शब्दाला जणू दुसरी शिरोरेखा फुटते. 'न' व 'त' यांत शिरोरेखा आणि मधला आडवा भाग यांच्यातील पोकळी मुळातच लहान. ती भिंतीने बुजून जाते.

सर्वांत वाईट अवस्था 'भ' आणि 'ध' यांची होते. 'म' व 'भ', 'घ' व 'ध' यांतील भेद बऱ्याच अंशी शिरोरेखेतील खंडावर उभा आहे. हा खंड एकाच घराचा ठेवला, तर डावीकडील भागाची उजवी भिंत नेमकी त्याच घरात येते आणि खंड भरून निघतो. डाव्या गाठीकडे लक्ष न गेल्यास 'भात' 'मात' होतो व 'धन' 'घन' होतो. तेव्हा खंड निदान दोन घरांचा असावा, असा पहिला नियम येथे करावा लागेल. सजावटीच्या मर्यादा लिपीच्या भेदक खुणांनी ठरतात, टंकाच्या शोभेने नव्हे, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरी सूचना अशी करता येईल. शिरोरेखा पूर्ण ठोकळ्याऐवजी वरच्या अर्ध्या ठोकळ्याने, ▀ याने, काढावी आणि त्याच घराचा पार्श्वरंग गडद ठेवावा. असे केले म्हणजे शिरोरेखा आणि तिची छाया दोन्ही एकाच ओळीत मावतात. खालच्या पोकळ्या मोकळ्या राहतात, आणि दांड्यांनी तेवढी उजवीकडे भिंत टाकावी. बुलेटिन बोर्डाच्या चित्रकारांचीच ही युक्ती. परंतु तीस रंग लागतो, आणि रंग हा घराचा गुण आहे, वर्णचिन्हाचा नाही. केवळ युनिकोडच्या चिन्हमाळेत ती लिहून ठेवता येणार नाही. तिच्यासोबत रंगाच्या आज्ञा पाठवाव्या लागतील. म्हणजे रोमन अक्षरांचा उठाव ज्या साध्या मजकुरात कसाबसा टिकतो, तेथे देवनागरीचा उठाव टिकणार नाही.

एक लाभ मात्र देवनागरीस आपोआप मिळतो. रोमन शब्दात प्रत्येक अक्षर हा स्वतंत्र ठोकळा असून त्याला आपली उजवी भिंत असते. देवनागरीत शिरोरेखेच्या उजव्या टोकाचा ╗ प्रायः शब्दाअखेर एकदाच येतो. त्यामुळे उठाव अक्षरास न येता अखंड शब्दास येतो, आणि शब्द ही एकच वस्तू पडद्यावर ठेवल्यासारखी वाटते. मोडीत तर लेखक आधी सबंध ओळ आखून घेई व मग तिच्याखाली अक्षरे जोडीत जाई. मोडी वर्णांना २०१४ च्या सातव्या आवृत्तीत युनिकोडचे संकेतांक मिळालेले आहेत. तिच्यासाठी हा टंक कोणी रचलाच, तर पंक्तीच्या आरंभापासून अंतापर्यंत एकच भिंत बांधावी लागेल, आणि ८० स्तंभांच्या त्या जाळीत तिचा ╗ ऐंशीव्या घरात येईल.